भोपाळचे दुसरे विष

२-३ डिसेंबर १९८४ च्या रात्रीची वायुगळती सर्वांना ठाऊक आहे. दुसरे विष मात्र त्याआधीपासून जमिनीत मुरत होते. युनियन कार्बाइडने टाकाऊ रसायने आवारात पुरली आणि १९७७ पासून बाहेरच्या तळ्यांत सोडली. ती झिरपून आसपासच्या वस्त्यांच्या हातपंपांत उतरली. तेथे शुद्ध पाणी पुरवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये दिला.

त्याच वर्षी रशीदा बी व चंपादेवी शुक्ला या वायुपीडित कामगार भगिनींना गोल्डमन पुरस्कार मिळाला. ती रक्कम घरी न नेता त्यांनी ‘चिंगारी ट्रस्ट’ उभा केला. वायू व दूषित पाण्याची झळ बसलेल्या कुटुंबांतील अपंग मुलांना तेथे व्यायामोपचार, वाचोपचार आणि विशेष शिक्षण विनामूल्य मिळते.

२०२५ मध्ये ३३७ टन कचरा पीथमपूरला नेऊन जाळला गेला. पण अपघातग्रस्त डबे हटवले म्हणजे मार्ग सुरक्षित झाला असे होत नाही, हे मी रेल्वे अभियंता म्हणून जाणतो. जमिनीतले विष अजून तिथेच आहे. आपण याच गावाचे अन्न खातो; सवड काढून एकदा या मुलांना भेटून यावे, ही नम्र विनंती.