प्रिंटरच्या मागचं कुलूप

रात्री चिमूरच्या दुकानाचं शटर ओढण्याआधी बाबा दोन गोष्टी खिशात घालायचे. एक गल्ल्यातली रोकड आणि दुसरं कॉम्प्युटरच्या मागून काढलेलं डोंगल. डोंगल म्हणजे बोटाच्या दोन पेरांएवढा प्लॅस्टिकचा ठोकळा. तो प्रिंटरच्या पोर्टला लावल्याशिवाय मराठी टायपिंगचं पॅकेज सुरूच होत नसे. दुकान डीटीपीचं. लग्नपत्रिका, बिलबुकं, आणि दिवाळी झाली की झाडीपट्टीच्या नाटकांची पोस्टरं. कॉम्प्युटर दोन होते, डोंगल एकच. पुढे दुसऱ्या मशीनवर नागपूरहून आलेली क्रॅक सीडी बसली. मी आज सॉफ्टवेअर लिहून पगार घेतो, आणि माझ्या इंजिनिअरिंगच्या फीमधले काही हजार त्या चोरीच्या सीडीवर कमावलेले आहेत. हे आधीच सांगितलेलं बरं.

गेल्या वर्षी मी स्वतःचं पहिलं ॲप बाजारात आणायला निघालो आणि ते डोंगल वारंवार आठवू लागलं.

मराठीचं सॉफ्टवेअर आपल्याकडे आलं ते हातात धरता येईल अशा वस्तूच्या रूपात. आयआयटी कानपूरमध्ये १९८०च्या दशकात मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘जिस्ट’ तंत्रज्ञान घडवलं. १९८८ साली पुण्यात सी-डॅक सुरू झाल्यावर ते काम तिकडे आलं. जिस्ट कार्ड मशीनमध्ये बसवलं की डॉसवरच्या वर्डस्टारमध्ये आणि डीबेसमध्ये देवनागरी उमटायची. त्याची नक्कल फ्लॉपीवर करून नेणं शक्य नव्हतं, कारण अर्धं सॉफ्टवेअर चिपमध्येच होतं. विंडोज आलं, कार्डाची गरज संपली. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी, सी-डॅकचं आयएसएम, बंगळूरची आकृती अशी पॅकेजं आली, आणि नक्कल रोखण्याचं कार्डाचं काम डोंगलकडे गेलं.

दुसरं एक कुलूप होतं, ते कुणी मुद्दाम घातलेलं नव्हतं. या फॉन्टांमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत, आणि प्रत्येक कंपनीची बसवण्याची रीत वेगळी. फॉन्ट नसलेल्या मशीनवर ‘चि. सौ. कां.’ उघडली तर कंसांची नि डॉलरच्या चिन्हांची खिचडी दिसे. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण छापखान्यांपर्यंत ती पोचायला पुढची पंधरा-वीस वर्षं गेली.

तरी एक गोष्ट मला उशिरा कळली. ही सगळी कुलपं घेणाऱ्याला होती. विकणाऱ्याला कुणाचीच परवानगी लागत नव्हती. मॉड्युलरने श्री-लिपी विंडोजवर विकली, पण त्यासाठी मायक्रोसॉफ्टकडे अर्ज केला नाही की प्रत्येक खोक्यामागे वाटा दिला नाही. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेले कैलास काटकर आणि त्यांचे बंधू संजय यांनी क्विक हील उभं केलं, ते खोकी आणि सिरीयल नंबर विकून. तालुक्याच्या गावात डीलर नेमायचे, डीलर दुकानदाराला खोकं देणार, दुकानदार आमच्यासारख्याला. २०१६ साली ती कंपनी शेअर बाजारात गेली. कंपनी आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये उभे असलेले सगळे लोक नावागावासकट माहीत होते. त्यांच्याशी भांडता येत होतं.

मोबाइलने हे बदललं. आधी मधे बसले ते फोन कंपन्यावाले. जपानमध्ये एनटीटी डोकोमोने १९९९ साली आय-मोड सुरू केलं तेव्हा सेवा देणाऱ्यांकडून ९ टक्के घेतले. आपल्याकडे कॉलरट्यून आणि एसएमएस सेवांमधला मोठा घास फोन कंपन्याच खात. (चिमुरात तोवर वेगळाच बाजार होता. मेमरी कार्ड द्यायचं, दुकानदार गाणी, सिनेमे आणि जावाचे गेम भरून देणार. कोणत्या गेमचं लेखक कोण, हा प्रश्न तिथे कुणाला पडला नसेल. मलाही नाही.)

म्हणून १० जुलै २००८ला ॲपलचं ॲप स्टोअर ५०० ॲपांसह उघडलं आणि विक्रीतले ७० टक्के लेखकाला, ३० आम्हाला असं सांगितलं, तेव्हा पुष्कळांना ते औदार्य वाटलं. त्याच ऑक्टोबरात अँड्रॉइड मार्केट आलं, २०१२ मध्ये त्याचं गूगल प्ले झालं. ॲपलकडे वर्षाला ९९ डॉलर, गूगलकडे एकदाच २५. डीलर नको, खोकं नको, नागपूरची फेरी नको. चिमूरच्या पोराने लिहिलेलं ॲप टोकियोत उतरवून घेता येतं, ही काही लहान गोष्ट नाही आणि मी ती नाकारत नाही. पण याच सौद्यात विकणाऱ्यालाही कुलूप लागलं. आता प्रकाशन म्हणजे परवानगी, आणि दिलेली परवानगी परत घेता येते.

गावच्या आठवडी बाजाराशी ताडून पाहतो तेव्हा फरक ठळक होतो. बाजाराचा ठेका लिलावाने जातो, ठेकेदाराचा माणूस फिरून पावत्या फाडतो. पावतीचा आकडा ठरलेला. वांगी किती विकली, हे तो विचारत नाही. गिऱ्हाइकाने पैसे ठेकेदाराच्याच पेटीत टाकावेत असंही नसतं. नेमका हाच मुद्दा भारतीय स्पर्धा आयोगापुढे आला. २५ ऑक्टोबर २०२२ला आयोगाने प्लेच्या बिलिंगच्या सक्तीबद्दल गूगलला ९३६.४४ कोटींचा दंड केला. मार्च २०२५ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो सुमारे २१६ कोटींवर आणला. मधल्या काळात, १ मार्च २०२४ला, शुल्काच्या वादातून नौकरी, शादी, भारत मॅट्रिमनी अशी ॲपं प्लेवरून उतरवली गेली. सरकार मधे पडलं आणि ती काही दिवसांत परत आली. त्यांच्यासाठी दिल्लीत बैठक झाली. एकट्या माणसाच्या ॲपसाठी कोण बैठक घेणार?

वेगळा बाजार मांडायचा प्रयत्न आपल्याकडेही झाला, आणि त्याबद्दल फार कमी लिहिलं गेलंय. आयआयटी मुंबईत शिकलेल्या राकेश देशमुख आणि त्यांच्या मित्रांनी २०१५ साली मायक्रोमॅक्सच्या फोनवर भारतीय भाषांची प्रणाली आणली. पुढे ती ‘इंडस ओएस’ म्हणून ओळखली गेली. तिच्या ॲप बाजारात ईमेल लागत नसे, कार्ड लागत नसे, पैसे फोनच्या बॅलन्समधून कापले जात. चिमूरसारख्या गावात माणूस दुकानात कसा शिरतो, हे ज्याने पाहिलंय त्यालाच हे सुचतं. कंपनी नंतर फोनपेने घेतली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये १२ भारतीय भाषांसह इंडस ॲपस्टोअर उघडलं. लेखकाने पैसे कोणत्या मार्गाने घ्यावेत, याची सक्ती तिथे नाही. पण गिऱ्हाइकाच्या फोनवर एक दुकान आधीच उघडं असताना तो दुसऱ्याची पायरी का चढेल, हा प्रश्न उरतोच.

माझं ॲप साधं आहे. झाडीपट्टीच्या हंगामात कोणत्या गावात कोणत्या रात्री कोणतं नाटक, याची यादी आणि सोबत जुनी पोस्टरं. किंमत १० रुपये. २०१५ पर्यंत भारतात प्लेवर ५० रुपयांखाली काही विकताच येत नसे, तेव्हा १० ही चैनच म्हणायची. बाबांनी विचारलं, “दहातले तुले किती भेटतीन?” म्हटलं, साडेआठ. “अन् दीड कायचा?” मी होस्टिंग, सुरक्षा, गिऱ्हाइकाचा विश्वास वगैरे सांगितलं. ते म्हणाले, “मंग पावती दीडाचीच फाडाव ना. उद्या शंभरले विकलं तं पंधरा कायले?”

प्लेच्या नव्या वैयक्तिक खात्यांना तेव्हा वीस जणांकडून सलग चौदा दिवस ॲप वापरून घ्यावं लागे (आता बारा पुरतात). ती अट वाचण्यात मीच उशीर केला. चौदा दिवस मोजेपर्यंत अर्धा हंगाम उरकला होता. म्हणून मधल्या काळात नाटक मंडळांच्या सचिवांना एपीके फाईल थेट व्हॉट्सॲपवर पाठवली. एकाचाच फोन आला. “भाऊ, पोलिसांनी सांगतलं हाय, असं काही उघडू नोका.” तो चुकीचा नव्हता. २०२४च्या लग्नसराईत लग्नपत्रिकेच्या नावाने एपीके पाठवून फोन लुटले गेले होते, आणि पोलिसांनी तसे इशारेही दिले होते. त्या लग्नसराईत बाबांनी पाठवलेली साधी पीडीएफ पत्रिकासुद्धा लोक उघडायला कचरत होते. दारावर कुणीतरी बसलेलं असावं, असं त्या फोननंतर मलाही वाटलं. फक्त त्याच्याशी भांडता यावं. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने जाहीर केलं की पुढच्या वर्षापासून, आधी चार देशांत, दुकानाबाहेरून येणाऱ्या ॲपच्या लेखकालाही ओळख पटवून द्यावी लागेल. म्हणजे दाराबाहेरच्या रस्त्यावरही आता पावती.

ॲप सध्या फुकट ठेवलंय. जुन्या पोस्टरांच्या फाईली बाबांच्या मशीनमध्ये सापडल्या, पण डोंगलला लागणारं पोर्ट नव्या कॉम्प्युटरला नाही आणि फॉन्टाशिवाय फाईलीत कंस नि डॉलरच दिसतात. सुदैवाने छापील प्रती माळ्यावर होत्या. संध्याकाळी बाबा एकेक वाचून दाखवतात, मी टाइप करतो. एकोणचाळीस झाली आहेत.