मधल्या चकतीची गोष्ट

मंडळी, उन्हाळा आला की उंटरश्लाइसहाइमच्या हिरवळीवर आपली मुलं फ्रिस्बी घेऊन उतरतात. याच फ्रिस्बीतून पुढे डिस्क गोल्फ निघाला. चेंडूऐवजी चकती, भोकाऐवजी साखळ्या लावलेली टोपली आणि कमीत कमी फेकींत तिथे पोचायचं. एवढाच खेळ! पण या चकतीलाही इतिहास आहे, आणि पहिली चकती घेण्याआधी तो माहीत असलेला बरा.

१९३७ साली कॅलिफोर्नियात फ्रेड मॉरिसन हा तरुण पॉपकॉर्नच्या डब्याचं झाकण फेकून खेळत होता. पुढे समुद्रकिनाऱ्यावर त्याची ५ सेंटांची केकची थाळी कुणीतरी २५ सेंटांना मागितली आणि त्याला धंदा दिसला. १९५५ मध्ये त्याने प्लॅस्टिकची चकती केली. १९५७ मध्ये ती व्हॅम-ओ कंपनीने बाजारात आणली आणि मग तिला फ्रिस्बी हे नाव मिळालं. एड हेड्रिकने तिच्या पाठीवर गोल रेघा उठवून उड्डाण स्थिर केलं. त्याचं पेटंट १९६७ चं. त्यानेच १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कात डिस्क गोल्फचं पहिलं कायमचं मैदान आखलं.

१९८३ मध्ये डेव्ह ड्युनिपेसने चकतीची जाड कड तिरकी, निमुळती केली. चकती हवा कापत दूर जाऊ लागली. मग काय, वेगाची शर्यतच लागली! पण दूर जाणारी चकती सरळ जाईलच असं नाही.

भोवरा आठवा. जोरात फिरतो तोवर ताठ, वेग उतरला की डुलायला लागतो. चकतीचंही तसंच. उजव्या हाताने बॅकहँड फेकली तर वेगात असताना ती उजवीकडे कलू पाहते आणि मंदावली की डावीकडे वळते. ही दोन्ही वळणं जिच्यात थोडी, ती ‘स्टेबल’. लांब पल्ल्याची ड्रायव्हर आणि टोपलीजवळची पटर यांच्या मधली ती मिडरेंज. १९८७ ची रॉक आणि २००३ ची बझ या त्यातल्या नावाजलेल्या. बझचा व्यास २१.७ सें.मी. नियम सांगतो, व्यासाच्या दर सेंटिमीटरला जास्तीत जास्त ८.३ ग्रॅम वजन. म्हणजे तिला सुमारे १८० ग्रॅमची मर्यादा.

दुकानात मात्र पोरांचे डोळे जातात ते सगळ्यात वेगवान ड्रायव्हरवर. तिला लागणारा जोर नवख्या हातात नसतो. चार हातांवर जाऊन ती डावीकडे आपटते, पोराला वाटतं आपल्याला जमतच नाही, आणि खेळ सुटतो. मधली चकती तसं करत नाही. हात सरळ सुटला तर ती सरळ जाते. वाकडी गेली तर चूक हाताची आहे हे लगेच कळतं. सुधारायला एवढं पुरतं.

तेव्हा मंडळी, पहिली चकती घ्याल ती मधलीच घ्या. आणि हो, एक आपल्यासाठीही! चाळिशीतल्या खांद्यालाही तीच झेपते.