मुंबईची हवा आणि गावाकडचं बिऱ्हाड

गेल्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत एका ताईंनी कर्ज मागितलं. मुलगा मुंबईत चेंबूरकडे कामाला आहे. खोलीचं डिपॉझिट भरायचंय, सून आणि तीन वर्षांचा नातूही आता तिकडेच जाणार. हप्ता ठरला, जामीन ठरले. तेवढ्यात एक आजी म्हणाल्या, "पोराला छातीचा त्रास आहे ना? तिथली हवा कशी आहे, बघितली का कुणी?" सगळ्या गप्प झाल्या. बी.ए.ला माझा विषय इतिहास होता. हा प्रश्न जुनाच आहे हे मला माहीत होतं, म्हणून आज त्याबद्दल बोलते.

आपल्या सातारा-रत्नागिरीची माणसं मुंबईला गेली ती मुख्यतः कापडाच्या गिरण्यांसाठी. पहिली गिरणी 1856 साली सुरू झाली, मग लालबाग-परळकडे धुराड्यांची रांगच लागली. गिरण्या दगडी कोळशावर चालायच्या. बाहेर धूर, तर आत कापसाची धूळ. पिंजणीच्या खात्यात वर्षानुवर्षं काम केलेल्यांना छातीचा आजार जडायचा. सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते, ही त्याची खूण.

म्हणून गडी जायचा आणि बायको गावी राहायची का? सगळं खापर हवेवर फोडायला नको. पगार तोकडा, एका खोलीत दहा-बारा जण, आणि गावची शेती कुणीतरी बघायला हवी. पण 1921 सालच्या जनगणनेत मुंबईत हजार पुरुषांमागे बायका सव्वापाचशेच्या आसपास होत्या, हे लक्षात घ्या. बाळंतपणाला बाई गावी यायची, खंगलेला गडीही गावीच यायचा. कमाई शहरात, आणि आजारपण मात्र आपल्या ओसरीवर. त्या सेवेचा हिशेब कुठल्या वहीत लिहिलाय?

धुराचा त्रास सरकारलाही कळत होता. 1912 साली मुंबईत धुराविरुद्ध कायदा झाला. 1915 पासून खोपोलीहून पाण्यावर तयार झालेली वीज गिरण्यांना मिळू लागली आणि कोळशाची गरज कमी होत गेली. चांगलंच झालं की! पण अशाच आणखी विजेसाठी मुळशीला धरण बांधायचं ठरलं आणि पन्नासहून जास्त गावांच्या जमिनींवर पाणी येणार होतं. 1921 साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, त्यात बायकाही होत्या. धरण झालंच. मुळशीचा सत्याग्रह आपण शाळेत शिकतो, पण ती वीज कुठे जाणार होती ते मला कॉलेजात गेल्यावर कळलं.

आता येऊ ताईंच्या चेंबूरकडे. तिथून जवळच माहुल आहे. 1950 नंतरच्या काळात त्या बाजूला तेलशुद्धीकरणाचे कारखाने आले, पुढे खताचाही आला. माहुलमध्ये इमारती बांधून तानसा जलवाहिनीजवळच्या झोपड्या हटवलेल्या लोकांना तिथे घरं दिली. पक्की घरं, नळ, संडास घरात! पण 2015 मध्येच हरित लवादाने तिथल्या हवेपासून लोकांच्या आरोग्याला धोका आहे असं म्हटलं होतं. खोकला, दमा, अंगावर चट्टे अशा तक्रारी वाढल्या. 2018 साली त्यातली काही कुटुंबं विद्याविहारला फुटपाथवर येऊन राहिली. डोक्यावर छप्पर असलेलं घर सोडून, बायापोरांसकट. 2019 साली उच्च न्यायालयाने सांगितलं, यांना दुसरीकडे घर द्या, नाहीतर महिना 15 हजार रुपये भाडं द्या.

गरिबाला हवा निवडता येत नाही असं आपण सहज म्हणतो. या लोकांनी निवडली, पण तिची किंमत केवढी! एरवी हवा वाईट तिथेच भाडं कमी असतं आणि आपली माणसं तिथेच जाऊन पडतात. दुसरीकडे खोली परवडत नाही.

हे सगळं मी ताईंना सांगितलं. जाऊ नका असं म्हणाले नाही. नवराबायकोने एकत्र राहावं असं मलाही वाटतं, आणि गावात तरी काम कुठे आहे? खोली कारखान्यांपासून किती लांब आहे, वारा कुठून येतो, रात्री वास येतो का, शेजारच्या घरांतली मुलं खोकतात का, एवढं मात्र बघायला सांगितलं.

कर्जाचा अर्ज पुढच्या बैठकीत आहे. त्याआधी ताई, सून आणि नातू आठ दिवस त्या खोलीवर राहून येणार आहेत. येण्याजाण्याचं भाडं गटाच्या बचतीतून द्यायचं ठरलंय.