कोण? कसली? : मधुमालतीच्या नावाची गोष्ट

मे महिन्यात जळगाव-धुळ्याचा पारा ४४ अंशांपर्यंत चढतो. बागेतली बरीच झाडे माना टाकतात. पण थोडे पाणी मिळत राहिले, तर फाटकावरची मधुमालती झुबक्यांनी फुलते. संध्याकाळी तिचा गोड वास अंगणभर पसरतो. संस्कृत काव्यातली माधवीलता ती हीच, असा समज आपल्याकडे आढळतो. तो बरोबर नाही.

कालिदासाच्या 'शाकुंतला'त माधवीचा मंडप आहे. ती माधवी म्हणजे हळदवेल, असे अभ्यासक मानतात. सह्याद्रीत आढळणाऱ्या या वेलीच्या फुलात एका पाकळीवर पिवळा डाग असतो आणि फळाला तीन पंख असतात. आपली मधुमालती निराळीच. ती अर्जुन आणि हिरडा यांच्या कुळातली.

तिच्या शास्त्रीय नावाचा इतिहास रंजक आहे. सतराव्या शतकात रुम्फियस हा जर्मन निसर्गअभ्यासक डच कंपनीच्या नोकरीत आंबोन बेटावर राहत होता. १६७० मध्ये त्याची दृष्टी गेली. १६७४ च्या भूकंपात पत्नी आणि मुलगी दगावल्या. १६८७ मध्ये आगीत चित्रे जळाली. १६९२ मध्ये हस्तलिखित नेणारे जहाज बुडाले. सुदैवाने एक प्रत मागे ठेवलेली होती. रुम्फियस १७०२ मध्ये वारला. त्याचा ग्रंथ छापण्यास सुरुवात झाली ती १७४१ मध्ये.

या वेलीचे मलाय नाव 'उदानी'. त्याच्याशी उच्चाराने जुळणाऱ्या डच शब्दाचा अर्थ 'कशा प्रकारचा'. त्यावरून रुम्फियसने लॅटिन नाव केले 'क्विसक्वालिस', म्हणजे 'कोण? कसली?' वेलीलाही ते शोभते, कारण रोप आधी झुडपासारखे वाढते आणि मग वेल होते. लिनियसने १७६२ मध्ये हे नाव स्वीकारले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस तिला 'कॉम्ब्रेटम' या प्रजातीत घेतले गेले आणि तो प्रश्न नावातून गेला.

निरीक्षणातून मात्र तो जाऊ नये. विद्यार्थ्यांना एका कळीला दोरा बांधायला सांगावे. संध्याकाळी उमलताना फूल पांढरे असते. पुढे गुलाबी आणि मग लाल होते. लांब नळीतला मध रात्री लांब सोंडेचे पतंग पितात. वास कोणत्या रंगाच्या फुलाला अधिक येतो, हे त्यांनीच हुंगून ठरवावे. नाव पाठ केल्याने वेल ओळखीची होत नाही, 'कोण? कसली?' असे विचारल्यावर होते.