व्यवसाय कर आणि प्राप्तिकर

महाराष्ट्रात कामधंदा करून कमावणाऱ्या माणसावर दोन सरकारांचे दोन वेगळे कर बसतात. केंद्राच्या प्राप्तिकराला बोलण्यात ‘इन्कम टॅक्स’ म्हणतात. राज्याचा व्यवसाय कर पगाराच्या स्लिपवर ‘पीटी’ या दोन अक्षरांत मावतो. अमेरिकेत बहुतेक राज्ये स्वतःचा प्राप्तिकर घेतात. भारतात शेतीच्या उत्पन्नाखेरीज राज्यांना ती मुभा नाही. त्यांच्या हाती आहे तो हा छोटा कर.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत ही वाटणी केलेली आहे. शेतीखेरीज इतर उत्पन्नावरील कर केंद्राकडे आहे (केंद्र सूची, नोंद ८२). शेतीच्या उत्पन्नावरील कर (राज्य सूची, नोंद ४६) आणि व्यवसाय, व्यापार, आजीविका व नोकऱ्या यांवरील कर (नोंद ६०) राज्यांकडे आहेत. शेतीच्या उत्पन्नावर महाराष्ट्र आज कर घेत नाही. व्यवसाय कर हा आडून लावलेला प्राप्तिकरच आहे, असा आक्षेप जुना आहे. त्यावर अनुच्छेद २७६ ने दोन गोष्टी केल्या. हा कर उत्पन्नाशी संबंधित आहे एवढ्या कारणाने तो अवैध ठरणार नाही, असे सांगितले आणि त्याला कमाल मर्यादा घातली. ब्रिटिश अमदानीत ती वर्षाला ५० रुपये होती. राज्यघटनेने ती २५० केली आणि १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने २,५००. त्यानंतर पगार कुठल्या कुठे गेले, पण मर्यादा तिथेच आहे.

महाराष्ट्राचा कायदा १९७५ चा. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमी योजनेला कायमचा पैसा हवा होता. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या या योजनेसाठी नोकरदार आणि व्यावसायिकांवर हा कर बसवण्यात आला. मुंबईतल्या पगारातून कापलेल्या पैशाने गावाकडच्या पाझर तलावाची मजुरी द्यायची, असा तो सरळ हिशेब होता. केंद्राचा रोजगार हमी कायदा २००५ मध्ये आला आणि अकुशल मजुरीचा भार केंद्राने उचलला. पीटी मात्र कापला जातच राहिला.

दोन्ही करांतला फरक वाकोल्यात चांगला दिसतो. सांताक्रूझ पूर्वेची ही वस्ती वांद्रे-कुर्ला संकुलाला लागून आहे. संकुलातल्या कौटिल्य भवनात प्राप्तिकर खात्याची कार्यालये आहेत. व्यवसाय कराचा कारभार राज्याचे वस्तू व सेवा कर खाते पाहते आणि त्याचे मुख्यालय माझगावला आहे. संकुलात रखवालीला जाणारा वाकोल्याचा माणूस महिना १८,००० रुपये कमावतो असे धरू. नव्या करप्रणालीत २०२५–२६ पासून बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे प्राप्तिकर शून्यावर येतो, आणि पगारदाराला ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट धरून पावणेतेरा लाखांपर्यंत. त्यामुळे केंद्राला हा रखवालदार काहीच देणे लागत नाही. राज्य त्याच्याकडून वर्षाला २,५०० रुपये घेते. ज्या इमारतीच्या दाराशी तो उभा असतो तिच्यातला कोटभर पगाराचा अधिकारीही राज्याला तेवढेच देतो. रखवालदाराच्या वर्षाच्या पगाराचे ते सुमारे १.१६ टक्के होतात, अधिकाऱ्याच्या बाबतीत टक्क्याचा चाळिसावा भाग. हा दोष करखात्याचा नाही. वरून घेता येत नाही म्हणून राज्य खाली उतरते, आणि त्याचे मूळ २,५०० च्या त्या मर्यादेत आहे.

दर असे : पुरुषांना महिना ७,५०० रुपयांपर्यंत माफी, त्यापुढे १०,००० पर्यंत १७५ रुपये, त्यावर दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३००. फेब्रुवारीत शंभर रुपये जास्त का कापले, हा प्रश्न हिशेबनिसाला दरवर्षी विचारला जातो. अकरा महिन्यांचे २,२०० आणि हे ३०० मिळून मर्यादा पुरी होते. मालकाचे वार्षिक विवरणपत्रही मार्च ते फेब्रुवारीचे असते. केंद्राचे वर्ष मात्र एप्रिलला सुरू होते. स्वतःचा धंदा करणाऱ्याला नावनोंदणी करून हा कर साधारणपणे ३० जूनपर्यंत भरावा लागतो.

१ एप्रिल २०२३ पासून स्त्रियांना महिना २५,००० पर्यंत माफी आहे. नेमक्या २५,००० ला काही नाही, एक रुपया वाढला की पूर्ण २०० रुपये! प्राप्तिकरात वरचा दर फक्त टप्प्याबाहेरच्या रकमेला लागतो, तशी सोय इथे नाही. स्त्रियांसाठी वेगळी मर्यादा केंद्रानेही ठेवली होती. २०१२–१३ पासून ती गेली. वयाच्या बाबतीतही दोघांचे नियम वेगळे. जुन्या प्रणालीत केंद्राची सवलत साठाव्या वर्षी सुरू होते, राज्य पासष्टीनंतर कर पूर्ण माफ करते. राज्याच्या माफीच्या यादीत सैन्यदलातील व्यक्ती, कायमचे अपंगत्व असलेले आणि कापड गिरण्यांतले बदली कामगारही आहेत. गिरण्यांचे टॉवर झाले तरी बदली कामगार कायद्यात टिकून आहे.

भरलेला व्यवसाय कर पगारी माणसाला प्राप्तिकराच्या उत्पन्नातून वजा करता येतो, पण फक्त जुन्या प्रणालीत. उलट दिशेने राज्याला प्राप्तिकराचा वाटा वित्त आयोगामार्फत मिळतो. पंधराव्या आयोगाने वाटपयोग्य केंद्रीय करांपैकी ४१ टक्के राज्यांना दिले. त्यात महाराष्ट्राचा हिस्सा ६.३१७ टक्के होता.

राज्याची हद्द ओलांडली की हिशेब बदलतो. कर्नाटकात स्त्री-पुरुष दोघांनाही महिना २५,००० च्या आत हा कर नाही. चंदगडमध्ये १२,००० रुपयांवर काम करणाऱ्या पुरुषाला तो लागतो, शेजारच्या बेळगावात लागत नाही. गोव्यात तर हा करच नाही. शिवाय केंद्राचा प्राप्तिकर कायदाही तिथे थोडा वाकतो. पोर्तुगीज दिवाणी संहितेनुसार मालमत्ता सामाईक असलेल्या पती-पत्नींचे पगाराव्यतिरिक्तचे उत्पन्न दोघांत निम्मे-निम्मे धरले जाते.

अमेरिकेत गेलेल्या मराठी कुटुंबांना हा दुहेरीपणा मोठ्या आकड्यांत भेटतो. टेक्सासमध्ये राज्याचा प्राप्तिकर नाही. न्यू जर्सी आणि कॅलिफोर्निया तो घेतात, आणि भारत-अमेरिका करारातल्या करसवलती राज्याच्या करासाठी मानत नाहीत. त्यामुळे अमेरिकी केंद्राच्या विवरणपत्रात करमुक्त ठरलेली रक्कम राज्याच्या विवरणपत्रात पुन्हा करपात्र होऊ शकते.