बालपणातील स्थैर्य : कुटुंबाच्या स्वरूपाइतकेच आधाराचे सातत्य मोलाचे

जबलपूर : आईवडिलांचा मृत्यू, घटस्फोट किंवा पराकोटीचे दारिद्र्य यांमुळे घर विस्कटले, तर त्याचे पडसाद मुलाच्या शिक्षणावर, आरोग्यावर आणि रोजगारावर प्रौढपणीही उमटू शकतात. तथापि, कुटुंब एकत्र आहे, विभक्त आहे की एकपालक, एवढ्यावरच मुलाचे भवितव्य ठरत नाही. सांभाळणारे माणूस कायम राहते का, यालाही मोठे महत्त्व असल्याचे दीर्घकालीन अभ्यासांतून दिसते.

हवाई द्वीपसमूहातील काउआई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा मागोवा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी अनेक दशके घेतला. दारिद्र्य व कौटुंबिक कलहात वाढलेल्या, सर्वाधिक जोखमीच्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले सक्षम प्रौढ झाली. आजी-आजोबा, नातेवाईक किंवा शिक्षक यांपैकी एखाद्याचा भक्कम आधार हे त्यामागील एक प्रमुख कारण आढळले. रुमानियातील बुखारेस्ट येथे १३६ मुलांच्या अभ्यासात, अनाथालयातून संगोपनासाठी कुटुंबांकडे सोपवलेल्या मुलांची बौद्धिक वाढ संस्थेतच राहिलेल्या मुलांपेक्षा सरस ठरली.

भारतीय कायद्याची दिशाही हीच आहे. बालन्याय अधिनियम, २०१५ नुसार मुलाला संस्थेत ठेवणे हा अखेरचा पर्याय आहे. ताब्याच्या वादांत हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ मुलाच्या कल्याणाला सर्वोच्च स्थान देतो. जबलपूर येथे मुख्यपीठ असलेल्या मध्य प्रदेश उच्च न्यायालयापुढे असे वाद आले की हीच कसोटी लागू होते.

मध्य प्रदेशातील मुख्यमंत्री बाल आशीर्वाद योजनेतून नातेवाईक किंवा पालकाकडे राहणाऱ्या १८ वर्षांखालील अनाथ मुलांसाठी दरमहा ४,००० रुपयांचे साहाय्य मिळते. महाराष्ट्रात बालसंगोपन योजनेतील मासिक अनुदान २०२३ मध्ये २,२५० रुपये झाले. मूल आजी, काका किंवा मावशीकडेच राहावे आणि खर्चापायी संस्थेत जाऊ नये, हा अशा साहाय्याचा उपयोग.

खरी कसोटी संस्थेत वाढलेल्या मुलांची १८ व्या वर्षी लागते. केंद्रीय कायद्यात त्यांच्या अनुरक्षणाची तरतूद सामान्यतः २१ वर्षांपर्यंत आहे. मध्य प्रदेशच्या योजनेत ती २४ वर्षांपर्यंत आहे. घरात वाढलेले तरुण या वयात शिक्षण, निवास आणि पहिल्या नोकरीसाठी कुटुंबावर विसंबून असतात. संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांना तेवढाच आधार मिळतो की नाही, यावर त्यांचे पुढील आयुष्य बव्हंशी अवलंबून राहते.