खांबांमधली जागा

आमच्या इमारतीच्या खांबांमधली गाडीची एक जागा बिल्डरने मला पावती देऊन विकली. त्या पावतीच्या जोरावर वरच्या मजल्यावरच्या मास्तरांशी मी वर्षभर अबोला धरला.

पुढे ३१ ऑगस्ट २०१० रोजी दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. खांबांमधली आणि मोकळी जागा सामाईक. त्या निकालानुसार बिल्डरला ती सदनिकेपासून वेगळी विकता येत नव्हती. आधार होता १९६३ च्या महाराष्ट्राच्या मोफा कायद्याचा. म्हणजे माझी पावती पहिल्या दिवसापासून नुसता कागद होती!

जागा अपुऱ्या असतील तर सोसायटीने चिठ्ठ्या टाकाव्यात, असं आदर्श उपविधी सांगतात. आम्ही टाकल्या. चिठ्ठी मास्तरांची निघाली. संध्याकाळी त्यांनीच मला चहाला हाक मारली. गाडी मी रस्त्यावर लावली, पण जिना चढताना मान खाली घालावी लागली नाही.